गाण्याचा क्लास आणि देशपांडे हॉल

मंडळी, गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण मी क्लास शोधत हिंडत होतो. गाण्याचा क्लास. माझ्यासाठी नाही, लेकीसाठी. वय वर्षं नऊ, आणि सुरात गाते असं तिच्या शाळेतल्या बाईंचं मत. (आमचं मत विचारू नका, आम्ही आईबाप आहोत.)

आता इंजिनिअर माणूस म्हटल्यावर पहिलं काम काय केलं असेल? एक्सेल शीट उघडली. घरापासून अंतर, फी, बॅचमध्ये मुलं किती, परीक्षांना बसवतात का, ऑनलाइनची सोय आहे का, गाडी लावायला जागा आहे का. धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, महाल असं करत अकरा ओळी भरल्या. प्रत्येक कॉलमला वजन देऊन बेरीजसुद्धा केली. बायको म्हणाली, "गुरू शोधून राह्यला का वेंडर?" असो.

तिसऱ्या शनिवारी शीटमध्ये पहिल्या नंबरावर आलेल्या ठिकाणी गेलो. जागा स्वच्छ, दोन तानपुरे, मुलं शिस्तीत बसलेली. गुरुजींनी लेकीला सा लावायला सांगितला, मान हलवली, खूश दिसले. आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "एक आधीच सांगून ठेवतो. इथं आली की दुसरीकडे शिकायला जायचं नाही. शिबिरं नाही, वर्कशॉप नाही. चालत असेल तर सोमवारपासून पाठवा."

माझ्या पोटात एकदम गोळा आला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

आठवीत असताना मी गाणं शिकत होतो. कुठे आणि कोणाकडे ते सोडून द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात एक दहा दिवसांचं शिबिर होतं, मी गेलो. तिथे यमनची एक वेगळी बंदिश शिकलो, आणि जूनमध्ये मोठ्या उत्साहाने सरांना म्हणून दाखवली. सरांनी पूर्ण ऐकून घेतली. मग पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, "ज्यांनी ही शिकवली त्यांच्याकडेच जा." मला वाटलं रागावलेत, उद्या विसरतील. नाही विसरले. शिबिरवाले तोवर आपल्या गावी परत गेले होते. माझं गाणं तिथे थांबलं ते थांबलंच. यात माझा आळसही असणार, नाही असं नाही. पण पेटीचा भाता बंद करतानाचा तो आवाज अजून लक्षात आहे.

तर त्या शनिवारी "विचार करून कळवतो" असं सांगून निघालो. सिव्हिल लाइन्सवरून येताना देशपांडे हॉल लागला. बाहेर कुठल्याशा नाटकाचा बोर्ड होता. लेकीने विचारलं, "बाबा, देशपांडे म्हणजे कोण?" नागपुरात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न कधी विचारलाय? नाटक बघायला जातो, ऑफिसच्या कार्यक्रमाला जातो, बाहेर चहा घेतो. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह असं पूर्ण नाव कोण घेतं!

मी तिला सांगितलं की मोठे गायक होते, आपल्या नागपुरात शिकले. "कोणाकडे शिकले?" या पुढच्या प्रश्नाचं उत्तर देताना मात्र मीच अडखळलो. कारण त्याचं एका नावाचं उत्तर नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, आणि पुढचा अख्खा रविवार त्यातच गेला. ज्या प्रश्नासाठी मी एक्सेल शीट केली होती तो प्रश्न या माणसाने आयुष्यभर निरनिराळ्या प्रकारे सोडवला होता.

वसंतरावांचा जन्म 2 मे 1920 चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात एकटीच्या बळावर वाढवलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. विद्यापीठ नुकतंच, 1923 मध्ये निघालेलं. कोर्टकचेऱ्या, कापडगिरण्या, रेल्वे, आणि त्या नोकऱ्यांवर जगणारी मध्यमवर्गीय घरं. गाणं होतं ते देवळात, कीर्तनात, भजनी मंडळात, नाटक कंपनी आली की तंबूत. दरबारी उस्तादाच्या पायाशी बसून शिकावं असं वातावरण इथे फारसं नव्हतं. म्हणजे मुलगा गातो हे लक्षात आलेल्या आईपुढे पर्याय एकच, गावातले गाणं शिकवणारे मास्तर. वसंतरावांच्या बाबतीत ते होते शंकरराव सप्रे.

सप्रे गुरुजींचं नाव आज नागपुरातही कमी लोकांना माहीत असेल. पण त्यांच्याकडे वसंतरावांच्या बरोबरीने आणखी एक मुलगा शिकत होता, राम चितळकर नावाचा. हाच पुढे मुंबईला जाऊन सी. रामचंद्र झाला. 'अलबेला' (1951), 'अनारकली' (1953) या सिनेमांची गाणी आणि 1963 मध्ये लताबाईंनी दिल्लीत गायलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों' या त्याच्या चाली. म्हणजे एकाच गुरुजींच्या हाताखालून एक मुलगा ख्याल आणि नाट्यसंगीतात गेला, दुसरा सिनेमात जाऊन त्याने लोकांना लॅटिन ठेक्यावर नाचवलं. दोघांच्या गाण्यात साम्य शोधायला गेलं तर हाती फार काही लागणार नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या मास्तरांचे विद्यार्थी एकमेकांसारखे होत नाहीत त्या मास्तरांनी नक्की काय शिकवलं असेल? सूर, ताल, कान. आणि बाकीचं मोकळं ठेवलं असेल.

वसंतराव सप्रे गुरुजींकडेच थांबले नाहीत. 1935 मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' सिनेमात ते कृष्ण झाले. पुढे लाहोरला गेले. आज लाहोर म्हटलं की क्रिकेट आणि बॉर्डर एवढंच डोळ्यांपुढे येतं, पण फाळणीपूर्वी ते उत्तरेतल्या गाण्याचं मोठं केंद्र होतं. तिथे असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा घेतला. असं सांगतात की खाँसाहेबांनी कित्येक महिने दुसरं काही शिकवलंच नाही. मारवाच. त्यांचं म्हणणं, हा एक राग नीट समजला की बाकीचे आपोआप उलगडतात. आजच्या क्लासमध्ये हे करून बघा! दुसऱ्या महिन्यात पालकांचा फोन येईल, "सर, सिलॅबस कधी सुरू होणार?"

गंमत बघा, इथे गुरूने एकच राग दिला, पण आपल्याशी जन्माचं बांधून घेतलं नाही. मुलगा परत आला आणि पुढे जिथे जे मिळेल ते घेत राहिला. पुण्यात किराण्याचे सुरेशबाबू माने. भेंडीबाजारवाले अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर. ग्वाल्हेरच्या तालमीचे रामकृष्णबुवा वझे. आणि ज्यांच्या गाण्याची मोहिनी कधीच उतरली नाही ते मास्टर दीनानाथ. हे सगळं चालू असताना पोटासाठी पुण्याच्या मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी. वीसेक वर्षं! सकाळी फायली, संध्याकाळी रियाज. "ऑफिसमधून आल्यावर एनर्जीच राहत नाही यार" असं म्हणणाऱ्या आपल्या पिढीने (यात मी आलोच) हे जरा वाचून ठेवावं.

तुमचं घराणं कोणतं असं कोणी विचारलं तर ते आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं, अशा अर्थाचं उत्तर देत म्हणतात. ऐकायला हे मिजाशीचं वाटतं. पण ज्या माणसाच्या रिझ्युमेमध्ये चार घराणी आहेत त्याने दुसरं काय सांगावं?

आता प्रश्न असा की गुरू लोकांचा "दुसरीकडे जायचं नाही" हा हट्ट मुळात आला कुठून. आपण त्याला सरळ मत्सर म्हणून मोकळे होतो. मीही तसंच समजत होतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या गवयाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रेकॉर्डिंग नाही, छापलेलं स्वरलेखन नाही, कॉपीराइटचं तर नावच नको. तुमची सगळी इस्टेट म्हणजे गळ्यातल्या दोन-तीनशे बंदिशी आणि त्या मांडायची रीत. दरबारात जागा टिकायची ती त्यावर. शिष्य म्हणजे तुमच्या सोर्स कोडची पूर्ण कॉपी असलेला माणूस. तो उद्या शेजारच्या उस्तादाकडे गेला तर? म्हणून गंडा बांधायचा, म्हणून वर्षानुवर्षं घरात ठेवून पारखायचं, आणि म्हणून खास चीज शेवटपर्यंत राखून ठेवायची. आपल्या कंपन्या नोकरीच्या करारात जी कलमं घालतात त्यांच्यात आणि यात तत्त्वाचा फरक फार नाही.

याची किंमत मात्र शिष्याने मोजली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926), ज्यांच्यामुळे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली, ते तरुणपणी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. धारला देवजीबुवांकडे राहून शिकू लागले. पण गुरुगृही राहायचं म्हणजे गुरूच्या संसारात राहायचं. तिथे गुरुपत्नीशी जमेना, आणि शिकणं चांगलं चाललेलं असताना निघावं लागलं. पुढे ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी भेटले म्हणून बरं. नसते भेटले तर आज आपण ज्याला महाराष्ट्राचं ख्यालगायन म्हणतो त्याचा मोठा भाग नसताच. केवळ घरातल्या कुरबुरीमुळे!

याच बाळकृष्णबुवांकडे मिरजेला विष्णू दिगंबर पलुसकर शिकले, आणि 5 मे 1901 ला त्यांनी लाहोरला (परत लाहोर!) गांधर्व महाविद्यालय काढलं. वेळ ठरलेली, फी ठरलेली, पुस्तकं छापलेली, वर्ग चढत जायचे. घरंदाज मुलीही शिकायला येऊ शकतात ही गोष्ट तेव्हा केवढी मोठी होती! 1908 मध्ये मुंबईची शाखा. इमारतीचं कर्ज अंगावर आलं, वास्तू हातची गेली, 1931 मध्ये ते वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आपण ज्याला "प्रवेशिका झालीय, मध्यमा चालू आहे" म्हणतो त्या परीक्षा या मंडळाच्या. माझ्या आजीच्या पिढीत पेटीवर दोन गाणी आणि एखादी परीक्षा ही लग्नाच्या बायोडेटातली ओळ होती, हा भाग वेगळा.

दुसरीकडे मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे (1860–1936). हे तर रिव्हर्स इंजिनिअरिंगचे बादशहा. गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलेखनात उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. दीड हजारांहून जास्त. ज्या चिजेसाठी माणसं दहा दहा वर्षं पाणी भरत होती ती दुकानात मिळू लागली. काही गवई खवळले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. कागदावर सूर उतरतो, त्याचा लगाव उतरत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकावरून गाणं शिकणं म्हणजे मॅन्युअल वाचून पोहायला शिकण्यासारखं आहे. पण एक गोष्ट त्यांनी आणि पलुसकरांनी मिळून कायमची बदलली. गुरू सोडला तरी आता विद्या सुटत नव्हती.

विष्णू दिगंबरांच्याच शिष्यांपैकी प्रा. बी. आर. देवधर. त्यांनी 1925 मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढलं, आणि त्यांच्याकडे 1936 च्या सुमाराला अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, आला. देवधरांकडे सगळ्या घराण्यांचे लोक येऊन बसत, गात, वाद घालत. कुमारजी अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकले, त्याच अंजनीबाई ज्यांचं नाव वर वसंतरावांच्या यादीत आलंय. शाळेचा मास्तर आणि घराण्याची गायिका, दोघांकडून एकाच मुलाने घेतलं, आणि देवधरांनी पेटीचा भाता बंद केला नाही.

पण थांबा. "जितके गुरू जास्त तितकं चांगलं" असं मी म्हणत नाहीये. आजच्या काळात उलटाच धोका जास्त. एक ॲप, एक यूट्यूब चॅनल, एक उन्हाळी शिबिर, एक ऑनलाइन मास्टरक्लास, आणि सहा महिन्यांनी सा हलतोय तो हलतोयच. केसरबाई केरकरांनी बरेच गुरू केले, अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले. पण खरं गाणं उभं राहिलं ते अल्लादिया खाँसाहेबांच्या पुढ्यात वर्षानुवर्षं बसल्यावर. भीमसेन जोशी तर 1933 मध्ये घरातून पळाले, ग्वाल्हेर काय, जालंधर काय, गुरू शोधत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. शेवटी विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितलं की तुझ्या घराजवळच, कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. हे विनायकबुवा स्वतः पुण्यात गांधर्व महाविद्यालय चालवणारे. हाताशी आलेला असला गळा कोणता क्लासवाला दुसऱ्याकडे पाठवेल? त्यांनी पाठवला.

आता नागपूरकडे परत येतो. महालात, इतवारीत नाटकं करत वाढलेला एक माणूस इथला, पुरुषोत्तम दारव्हेकर. पेशाने शिक्षक, म्हणून सगळे त्यांना दारव्हेकर मास्तर म्हणत. रंजन कला मंदिर ही त्यांची संस्था. या मास्तरांनी जे नाटक लिहिलं त्याचा विषय काय असावा? 'कट्यार काळजात घुसली'. 1967 च्या डिसेंबरमध्ये ते रंगभूमीवर आलं. 2015 चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. पण एकदा या नजरेने बघा, ते नाटक दोन गवयांच्या स्पर्धेचं आहे असं आपण म्हणतो, मला तर ते ॲडमिशनचं नाटक वाटतं. एका मुलाला शिकायचंय. ज्यांच्याकडे शिकायचं होतं ते गुरू दरबार सोडून गेले, आणि ज्यांच्याकडे विद्या आहे ते घराण्याबाहेर द्यायला तयार नाहीत. मग तो नोकर म्हणून राहतो, लपून ऐकतो.

आणि ती विद्या राखून ठेवणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका कोणी केली? आयुष्यभर या दारातून त्या दारात जाऊन शिकलेल्या वसंतरावांनी. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीही जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा अनेकांकडे शिकलेले. नाटक लिहिणारे मास्तर नागपूरचे, खाँसाहेब झालेला नटही नागपुरात घडलेला. शिकवणं नाकारणारा गुरू इतका खरा कसा वाटला याचं कोडं मला पूर्वी पडायचं, आता पडत नाही. अशी दारं त्या लोकांनी जवळून पाहिली असणार, बंद असलेलीही आणि उघडी असलेलीही.

सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघालो. शीटमध्ये सातव्या नंबरावर एक बाई होत्या. पार्किंग नाही, वेबसाइट नाही, परीक्षांच्या कॉलममध्ये "इच्छा असेल तर". जुन्या घराचा पहिला मजला, जिना अरुंद. लेकीचं गाणं ऐकून झाल्यावर मी त्यांना सरळच विचारलं, "हिला पुढे दुसऱ्या कोणाकडे शिकावंसं वाटलं तर?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "तीन वर्षं कुठे हलू देणार नाही. सूर बसेपर्यंत मी कोणाचं ऐकत नसते. नंतर कोणाकडे जायचं ते मीच सांगेन, दोघा-तिघांची नावं देईन. माझ्याकडे ठुमरी नाही, ती कुठून तरी घ्यावीच लागेल ना!"

स्वतःकडे काय नाही हे आपणहून सांगणारा माणूस मला अकरा ठिकाणांत हा एकच भेटला. शीटमध्ये त्यासाठी कॉलमच नव्हता.

मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सहा. पहिल्या दिवशी लेक तासभर फक्त सा लावून आली आणि वैतागून म्हणाली, "बाबा, गाणं कधी शिकवणार?" मी तिला मारव्याची गोष्ट सांगितली. तिला अजिबात आवडली नाही. जिना उतरताना बाईंनी मला मागून हाक मारली होती, "तुम्हीही गात होता ना? मान हलवताय त्यावरून कळलं. शुक्रवारी तिला सोडायला याल तेव्हा खाली गाडीत बसून राहू नका, वर या."

शुक्रवारी रिलीज आहे. बघतो.